हळदीच्या भिंती

१

शनिवारी दुपारी शांतवन मास्तरांनी ओट्यावर प्रेशर कुकर चढवला होता, पण आत डाळ-तांदूळ नव्हते. शिट्टीच्या जागी रबराची नळी, ती गार पाण्याच्या बादलीतून फिरवून एका बाटलीत सोडलेली, आणि कुकरात त्यांच्या वाळवंटी दवण्याचा पाला. घरभर कापरासारखा उग्र वास कोंडला होता.

हन्ना सकाळच्या एसटीने नगरहून आली होती. दीड महिन्यांनी. नगरच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत ती केमिस्ट होती. आठवडाभर बाटल्या आणि नळ्या बघून इथे यायचं आणि परत तेच बघायचं, याचा तिला कंटाळा आला होता.

"वर येतं ते वासाचं तेल," मास्तर म्हणाले. "पोट फुगलं, कळ आली तर थोडं चालतं. जास्त झालं की झटके. कडवटपणा मात्र तेलात येत नाही, पाल्यातच राहतो. त्याचा कारभार निराळा."

"पप्पा, हे मी पाच-सहा वर्षं ऐकतेय."

"ऐकतेस. लिहून घेत नाहीस."

सहा वर्षांपूर्वी त्यांच्या एका विद्यार्थ्याने जॉर्डनच्या वाळवंटातून चिमूटभर बी आणलं होतं. पाथर्डीच्या या मुरमाड वस्तीत, जिथे बाजरीसुद्धा रुसून उगवते, तिथे ती राखाडी झुडपं खुशाल वाढली. हायस्कुलात चौतीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाला म्हातारपणी खेळायला प्रयोगशाळा मिळाली. ओसरीवर एक पत्र्याचा डबा असे. त्यात दवण्याच्या पुड्या. ज्याला पोटाचा त्रास त्याने न विचारता न्यावी. मास्तरांचे नियम दोनच होते: बारा वर्षांखालच्या पोराला द्यायची नाही, आणि नवीन काहीही आधी तीन दिवस स्वतः घेऊन बघायचं.

त्या दिवशी ओसरीवर डबा नव्हता. हन्नाने पाहिलं, पण विचारलं नाही.

चहा पिताना मास्तर तिच्याकडे बघत राहिले.

"तुझी ओढणी पिवळी आहे का गं?"

"पांढरी आहे."

"हं." त्यांनी घड्याळ बघून वहीत काहीतरी टिपलं.

हन्नाने उठून त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. डोळे स्वच्छ होते. "कावीळ असेल. सोमवारी रक्त तपासून घ्या."

"कावीळ असती तर माझे डोळे पिवळे झाले असते. तुझी ओढणी कशाला पिवळी होईल?"

साडेचारची जीप फाट्यावर हॉर्न वाजवत होती. मास्तर फाटकापर्यंत आले. "हन्ना, ते मी तुला—"

"फोनवर बोलू, पप्पा. जीप जाईल."

रविवारी सकाळी सात वाजता फोन आला. तो पप्पांचा नव्हता. शेजारच्या बन्सी दुकानदाराचा होता. मास्तर दवण्यात पडले होते. हातापायांनी मुरूम खरवडला होता आणि डोकं दगडावर आपटलं होतं.

२

दफनाला अठरा माणसं होती. हन्नाने मोजली, कारण दुसरीकडे बघवत नव्हतं. चौतीस वर्षांत या माणसाच्या हाताखालून गेलेली पोरं आता आजोबा झाली होती, आणि आली अठरा.

कारण शनिवारी रात्रीच वस्तीत दुसरा अनर्थ झाला होता. मुक्ताबाईच्या सहा वर्षांच्या नातीला, रेश्माला, झटके आले. तिला नगरच्या इस्पितळात नेलं. घराच्या कोनाड्यात रिकामी पुडी सापडली. पुडीवर मास्तरांचा रबरी शिक्का होता.

कब्रस्तानातून परत येईपर्यंत कुणीतरी दवण्याची सगळी झुडपं उपटून बांधावर फेकली होती.

फौजदार सुकन्या गर्जे ओसरीवर बसून वाट बघत होत्या. तरुण बाई. बोलणं सरळ आणि थंड.

"तक्रार तुमच्या वडिलांविरुद्ध आहे. मेलेल्या माणसावर खटला चालत नाही, त्यामुळे कागद मिटेल. पण मिटताना त्यावर लिहिलं जाईल की शांतवन भिंगारदिवे यांनी लहान मुलीला विषारी औषध दिलं आणि तेच घेऊन स्वतः मेले."

"ते खोटं आहे."

"मग खरं काय ते गुरुवारपर्यंत सांगा. गुरुवारी मी कागद पुढे पाठवणार."

हन्ना तशीच उठून मुक्ताबाईच्या दारात गेली. अंगणात उसतोडीला जायचं सामान बांधून पडलं होतं. पत्रे, भांडी, गोणपाटाची वळकटी. पोरगी इस्पितळात, त्यामुळे टेम्पो यांच्याविना गेला होता.

"कशाला आलीस?" मुक्ताबाई उठली नाही. "दुसरी पुडी द्याया?"

"मावशी, पुडी कोणी दिली?"

"तुझ्या बापानं! आनखी कोन? त्याच्याच डब्यातनं घेतली. फडावर डाक्टर न्हाई का दवाखाना न्हाई, म्हून निघायच्या आदल्या राती पोरान्ला जंताचं देतो आमी. पिढ्यान् पिढ्या देतो. कुनी मेलं न्हाई कधी."

"पप्पा लहान मुलांना देऊ नका म्हणायचे."

"चिठी हुती संगं. सुनंनं वाचली. 'राती उपाशीपोटी गुळातनं, सकाळच्याला एरंडेल.' तसंच दिलं." म्हातारीचा आवाज फाटला. "लेकरू राती उठून बसलं. म्हनती, आज्जे, भिंती हळदीच्या झाल्या. आज्जे, तुझं लुगडं हळदीचं. म्या म्हनलं झोप गप. आता हित उभी ऱ्हाऊ नको, न्हाईतर हातात काय यील त्यानं मारीन."

हन्नाच्या कानात पप्पांचा शनिवारचा प्रश्न वाजला. ओढणी पिवळी आहे का गं? दोन घरं, दोन माणसं, एक बहात्तरचं आणि एक सहाचं. दोघांनाही जग हळदीत बुडालेलं दिसलं होतं.

आणि तिला नगरच्या टेबलाचा ड्रॉवर आठवला.

३

लिफाफा ड्रॉवरमध्ये पाण्याच्या अहवालांखाली होता. पप्पांचं अक्षर. चिकटपट्टीसुद्धा फोडलेली नव्हती. वर्षानुवर्षं असे लिफाफे येत: हा पाला बघ, ही मुळी बघ. हन्नाने दार लावून घेतलं आणि तो उघडला. आत अख्खी एक पुडी होती, तिच्यासोबतची छापील चिठी होती आणि मास्तरांच्या हातच्या दोन ओळी. त्या ओळी वाचून तिने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

मग ती फक्त केमिस्ट उरली.

काळ्या कागदावर पूड पसरली. वडिलांचा दवणा ती डोळे मिटून ओळखू शकली असती: राखाडी, लवदार, कापराचा वास. तो होताच. पण त्यात साखरेसारखे बारीक, स्वच्छ खडे चमकत होते. चार खडे वेचून तिने काचपट्टीवर ठेवले, दोन नाण्याखाली झाकले आणि पट्टी खिडकीत उन्हात ठेवली. जेवणाच्या सुट्टीनंतर बघितलं. झाकलेले खडे पांढरे होते, उघडे पिवळे पडले होते.

उरलेल्या पुडीतली चिमूट अल्कोहोलमध्ये विरघळवून वर कॉस्टिक पोटॅश सोडलं. द्रावण जांभळट तांबडं झालं. वडिलांच्या जुन्या, खात्रीच्या नमुन्यावर हेच केलं, तर ते मळकट हिरवं राहिलं.

सँटोनिन. दवण्याच्याच कुळातल्या किरमाणी ओव्याच्या कळ्यांतून काढलेलं जंताचं जुनं औषध. आता कोणी देत नाही, कारण जंत मारता मारता ते माणसालाही धरतं. आधी सगळं पिवळं दिसतं. मग झटके येतात. लहान मुलांना फार लवकर. मास्तरांच्या झुडपात ते नव्हतं. तीन वर्षांपूर्वी हन्नानेच तपासून तसं लिहून दिलं होतं.

तिने आधी इस्पितळात फोन करून डॉक्टरांना औषधाचं नाव सांगितलं. मग सुकन्या गर्जेंना.

"ही पुडी कुठे मिळाली तुम्हाला?" पलीकडून प्रश्न आला.

"घरात," हन्ना म्हणाली. "पप्पांच्या टेबलात."

फोन ठेवल्यावर तिने हात धुतले. मग आणखी एकदा धुतले.

४

किरमाणी ओवा पंचक्रोशीत एकाच दुकानात मिळायचा. बन्सीच्या.

"व्हय, इकतो," बन्सी काउंटरवर दोन्ही कोपर टेकून म्हणाला. "परवाना दावू का? तुजा बाप फुकट पुड्या वाटायचा, माझं गिऱ्हाईक तोडायचा. गेला, त्याचं मला रडू येत न्हाई. झुडपं बी म्याच उपटली. लिहून घे."

"ओवा दाखवा."

त्याने डबा आपटला. हन्नाने मूठभर ओवा कागदावर ओतला. हिरवट तपकिरी बारीक कळ्या, काड्या, धूळ. खडा एकही नाही. ओवा कितीही कुटला तरी त्याची अशी साखर होत नाही. ते काढायला कारखाना लागतो. म्हणजे पुडीत कोणीतरी बाटलीतलं शुद्ध औषध घातलं होतं, आणि ते आज बाजारात मिळत नाही.

"झालं समाधान?" बन्सी हसला. "आन् एक ऐक, साहेबीन. महिन्याभरात बारा घरांनी डब्यातल्या पुड्या घेतल्या. कुनाला काय बी झालं न्हाई. सदाच्या बायकूला तेवढं दोन घटका पिवळं दिसलं, तिनं पंधरा दिवसामागं मंगळवारी तुझ्या बापाला सांगितलं. त्याच दिशी त्यानं डबा उचलून आत नेला. म्होरं काय केलं त्यो जाने."

"मुक्तामावशीने कधी घेतली?"

"त्याच्या आदल्या दिशी, सोमवारी. माझ्याम्होरंच घेतली. मागं तीनच उरल्या हुत्या."

सोमवारी. हन्नाने बोटांवर दिवस मोजले. "आणि रविवारी डबा भरलेला होता?"

"आयतवारी दुपारनंतर भरल्यालाच असायचा. आदी कुठं असायचा? हे महिन्याभरातलं."

रविवारी दुपारी उपासना संपली की पप्पांकडे जेवायला एकच माणूस यायचा.

सायमन काका शेवगावात राहत. मास्तरांचे धाकटे भाऊ. आता बंद पडलेल्या एका जुन्या इस्पितळात त्यांनी कंपाउंडर म्हणून आयुष्य काढलं होतं. केस चापून बसवलेले, शर्ट इस्त्रीचा.

"सलाम, बेटा," ते म्हणाले. "ये. पण त्या विषयावर बोलायला आली असशील तर बसू नकोस. तुझ्या बापाच्या हट्टाने आपल्या घराण्याला मान खाली घालायला लावली. पाळकसाहेबांनाही मी हेच सांगितलं. झाकण्यात अर्थ नाही."

"काका, पप्पा दवणा विकत का नव्हते?"

"अक्कल नव्हती म्हणून. शिंगणापूरला रोज हजारो माणसं उतरतात. तिथल्या एका दुकानदाराशी मी बोललो होतो. आधी गुण दिसू दे म्हणाला, मग ठेवतो. तुझ्या बापाच्या पाल्याला गुण कुठे होता? पोट गार वाटायचं, एवढंच."

"आणि जंतावर?"

"जंतावर रात्री उपाशी द्यावं लागतं, सकाळी रेचक. ते त्याला काय माहीत. मास्तर तो."

एवढं बोलून काका थांबले. हन्नाने मान वळवली. कपाटातल्या काचेमागे पितळी तराजू होता, आणि त्याच्या मागे तपकिरी बाटल्यांची रांग. एका बाटलीची जागा रिकामी होती. तिथल्या धुळीत गोल ठसा उरला होता.

"तू नीघ आता," काका म्हणाले. "आणि परत येऊ नकोस."

५

गुरुवारी सुकन्या गर्जेंनी तिघांना मास्तरांच्या अंगणात बोलावलं. बन्सी आला, सायमन काका आले. मुक्ताबाई आली आणि हन्नाकडे पाठ करून दगडावर बसली. रेश्मा शुद्धीवर आल्याचं सकाळीच कळलं होतं, पण म्हातारीचा राग उतरलेला नव्हता.

"बोला," फौजदार म्हणाल्या.

हन्ना उभी राहून बोलली, वर्गात उत्तर द्यावं तशी.

"पुडीत सँटोनिन आहे. ते दवण्यातलं नाही आणि बन्सीकाकांच्या ओव्यातलंही नाही. शुद्ध खडे आहेत, म्हणजे जुन्या दवाखान्याच्या बाटलीतले. पप्पा चिठी हाताने लिहायचे, त्यात 'जेवणानंतर, गरम पाण्यातून' असायचं. ही चिठी छापील आहे. रात्री उपाशी आणि सकाळी एरंडेल. दवणा असा कोणी देत नाही. सँटोनिन असंच देत. ज्याने ही चिठी केली त्याला आत काय आहे हे माहीत होतं, आणि ते कसं द्यायचं हे तो नोकरीत शिकला होता. पप्पांच्या पाल्याला गुण यावा म्हणून त्याने ते मिसळलं, पप्पांचाच शिक्का मारला आणि दर रविवारी पप्पांच्याच डब्यात ठेवलं. वस्तीवर गुण दिसला की शिंगणापूरच्या दुकानात माल लागणार होता."

बन्सीने हळूच मान वळवून सायमन काकांकडे पाहिलं.

काका शांत होते. "गोष्ट छान रचलीस. पण मॅडम, तुम्हीच मघाशी सांगितलंत, ही म्हणते पुडी भावाच्या टेबलात सापडली. घर त्याचं, टेबल त्याचं, शिक्का त्याचा. बाटली मीच त्याला वर्षापूर्वी दिली असेल, म्हाताऱ्याला हौस म्हणून. त्याने मिसळलं, त्याने वाटलं. मला काय ठाऊक? आणि त्याला यात काही वावगं दिसलं असतं, तर तो कोणाला तरी बोलला असता. बोलला का? एकाला तरी?"

फौजदारांनी वही मिटली. "मॅडम, त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. पुडी टेबलातच सापडली ना?"

हन्नाने पर्स उघडली.

"नाही. पोस्टाने आली. हा लिफाफा. पोस्टाचा शिक्का बुधवारचा आहे, रेश्माला पुडी दिली त्याच्या दहा दिवस आधीचा."

सुकन्या गर्जेंनी आतली चिठी मोठ्याने वाचली. "'हन्ना, ओसरीच्या डब्यात कोणीतरी माझ्या नावाच्या पुड्या ठेवतंय. या माझ्या नाहीत. यात दवण्याशिवाय काय आहे ते बघ. दोन माझ्याकडे ठेवल्या आहेत. घाई नाही. पप्पा.'"

"दोन पुड्या!" सायमन काका ताडकन उठले. "म्हणजे चार ग्रेन. मोठ्या माणसाचा डोस आहे तो! चार ग्रेननं कोणी मरत नाही!"

वाऱ्याने लिफाफा फडफडला. आपण काय बोललो हे काकांच्या ध्यानात यायला क्षण गेला.

"पुडीला दोन ग्रेन, तेही कंपाउंडरच्या जुन्या मापात, हे इथे कोणीच म्हटलं नव्हतं, काका," हन्ना म्हणाली. "तुम्ही तोललंत तेव्हा तेवढंच असेल. पण पाला पिसासारखा हलका आणि खडे जड. महिनाभर एकदाच कालवलेल्या एका बरणीतून पुड्या बांधत गेलात. खडे तळाशी बसत गेले. पहिल्या बारा घरांना बहुतेक पालाच मिळाला. शेवटच्या रविवारच्या पुड्या तळाच्या होत्या. मुक्तामावशीच्या हाती त्यातलीच लागली, आणि पप्पांच्याही. दर वेळी नव्याने ढवळायचं, हे कंपाउंडरला पहिल्या दिवशी शिकवतात."

सायमन काका खाली बसले. त्यांचे ओठ हलत होते, पण प्रार्थना ऐकू येत नव्हती.

"शेवगावला माणूस पाठवते," सुकन्या गर्जे म्हणाल्या. "ती बाटली सापडेल. कागदावर आता मास्तरांचं नाव फिर्यादीच्या बाजूने येईल." त्यांनी लिफाफा पिशवीत घातला. हन्नाने आधी टेबल का सांगितलं, हे त्यांनी विचारलं नाही. कदाचित विचारणारही नव्हत्या.

तेवढ्यात मुक्ताबाई वळली. चार दिवसांत पहिल्यांदा तिने हन्नाच्या तोंडाकडे पाहिलं.

"मास्तर आल्ता," ती म्हणाली. "पुडी घेतली त्याच्या दुसऱ्याच दिशी, मंगळवारी आल्ता माझ्या दारात. म्हनला, मुक्ते, डब्यातली पुडी घेतली असशील तर दे परत. म्या म्हनलं, न्हाई माझ्याजवळ. कोनाड्यात हुती. म्हनलं परत नेली तर पोरीला जाताना काय दिऊ? खोटं बोलले त्याच्या तोंडावर. आन् गावात त्यालाच शिव्या देत फिरले." तिने पदराने तोंड पुसलं. "मला वाचता येत न्हाई. तुज्या बापानं ती चिठी धाडली, ती तुला कवा घावली?"

फौजदारांचा हात पिशवीवर थबकला. हन्नाला 'उशिरा' म्हणता आलं असतं. पोस्टाचं काही सांगता येत नाही, असंही चाललं असतं.

"वेळेवर मिळाली, मावशी," ती म्हणाली. "दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी. मी पप्पांचं अक्षर ओळखलं आणि न फोडता ड्रॉवरमध्ये टाकली. पुन्हा तेच असेल म्हणून. ते माझ्या उत्तराची वाट बघत होते. नाही आलं, म्हणून त्यांनी स्वतः पुडी घेतली. शनिवारी ते माझ्यासमोर बसले होते, विचारायला लागले होते, आणि मी जीप धरली. बारा दिवस ती माझ्याकडे होती. मी उघडली नाही."